काकू, महिन्यातले किती दिवस?

पत्र:

"मी साताऱ्याची, वय ४४, शाळेत शिक्षिका. डोकेदुखी कॉलेजपासूनची. आई म्हणायची पित्त आहे, सासूबाईही तेच म्हणतात. आधी महिन्यातून दोन-तीनदा दुखायचं, गेल्या वर्षभरात आठवड्यातले चार दिवस तरी दुखतंच. कोणीतरी कधीतरी सांगितलेली एक गोळी मला लागू पडते. पाकिटामागे एर्गोटामिन, कॅफिन, पॅरासिटामॉल असं काहीबाही लिहिलेलं आहे. आठवड्याला दहा-बारा लागतात. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मेडिकल आहे. तिथले काका मी पायरीवर पाय ठेवला की पाकीट पुढे करायचे. आता त्यांचा मुलगा बसतो, फार्मसी शिकून आलेला. परवा विचारायला लागला, 'काकू, महिन्यातले किती दिवस घेता? बीपीची गोळी चालू आहे ना? उलटी होते का? पाळी वेळेवर येते का?' मागे चार माणसं उभी, त्यात माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील! शेवटी म्हणाला, 'ही नाही देत. साधी पॅरासिटामॉल देतो, आणि डॉक्टरांना दाखवा.' मी काही न घेता निघाले. स्टँडसमोरच्या दुकानात तीच गोळी, दोन पाकिटं, एक शब्द न बोलता मिळाली. डोकं माझं, पैसे माझे, मग हा चौकशी करणारा कोण? दुकान बदलू का? आणि एकदाचं सांगून टाका, डोकेदुखीवर सगळ्यात चांगली गोळी कोणती? ता. क. सासूबाई सुंठीचा लेप लावायला सांगतात. त्यात काही अर्थ आहे का?

– वैतागलेली बाई, सातारा"

ताई,

आधी तुमच्या बाजूनं बोलते. पाळीचा प्रश्न चार माणसांत विचारायचा नसतो. मी ३१ वर्षं काउंटरमागे काढली. आमच्या दुकानात इन्सुलिनचा फ्रीज एका कोपऱ्यात होता. बायकांना काही विचारायचं असलं की मी म्हणायचे, "जरा फ्रीजपाशी या, तुमचं औषध काढून देते." फ्रीजमध्ये त्यांचं काही नसायचं. पण तिथं आवाज खाली येतो आणि मागची माणसं आपोआप मोबाइल बघायला लागतात. त्या पोराला हे कॉलेजात कोणी शिकवलेलं नसणार. कॉलेजात काउंटर नसतो.

आता त्याच्या बाजूनं. त्यानं विचारलेल्या चार प्रश्नांतला एकही भोचक नव्हता. स्टँडसमोरच्या दुकानानं तुम्हाला गोळ्या दिल्या. यानं चार प्रश्न आणि एक नकार दिला. माझ्या हिशेबी औषध त्या चार प्रश्नांत होतं.

"हा कोण?" याचं कोरडं उत्तर असं. १९४८ च्या फार्मसी कायद्यानुसार चिठ्ठीवरचं औषध देण्याचा अधिकार नोंदणी झालेल्या फार्मासिस्टलाच आहे, आणि २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमावलीनं औषध समजावून सांगणं हे त्याचं कामच ठरवलंय. तुमच्या पाकिटातलं एर्गोटामिन हे चिठ्ठीचं औषध आहे. म्हणजे त्यानं नाही म्हणून आगाऊपणा केला नाही. उलट त्याचे वडील इतकी वर्षं काहीच न विचारता पाकीट पुढे करत होते, तीच चूक होती. वडील माणूस म्हणून चांगले असतील. मीही तेच केलंय, ते पुढे सांगते.

आधी त्याचे प्रश्न उलगडू.

बीपीचा प्रश्न का? एर्गोटामिन रक्तवाहिन्या आवळतं. अर्धशिशीत डोकं दुखायचं थांबतं ते काही अंशी त्यामुळेच. पण ते फक्त डोक्यातल्या वाहिन्या आवळत नाही, हातापायांच्या आणि हृदयाच्याही आवळतं. बीपी चढलेलं असताना हे औषध नको. हल्ली बोटं गार पडतात का, पायांना मुंग्या येतात का, चालताना पोटऱ्या दुखतात का? यातलं काहीही "हो" असेल तर डॉक्टरांकडे जायला रविवारची वाट बघू नका. आणि घशासाठी किंवा खोकल्यासाठी कोणी क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन लिहून दिलं तर ते आणि ही गोळी एकत्र कधीच नाही. ही जोडी वाहिन्या इतक्या आवळू शकते की बोटं काळीनिळी पडतात.

पाळीचा प्रश्न का? एक तर गरोदर बाईला एर्गोटामिन अजिबात चालत नाही, आणि ४४ हे वय "आता कसलं" म्हणण्याइतकं मोठं नाही. दुसरं, बऱ्याच बायकांचं डोकं पाळीच्या आदल्या दोन-तीन दिवसांत ठरल्यासारखं धरतं, आणि पाळी जायच्या आधीच्या वर्षांत तो त्रास वाढतो. डॉक्टरांना हे सांगितलं तर त्यांचं निम्मं काम होतं. तिसरं तुमच्यासाठी नसेल, पण तुमच्या भाचीसाठी, पुतणीसाठी लक्षात ठेवा. जिला डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी चमक दिसते, तिनं नेहमीच्या गर्भनिरोधक गोळ्या डॉक्टरांना ही चमक सांगितल्याशिवाय घेऊ नयेत. अशा बायकांत त्या गोळ्यांनी पक्षाघाताचा धोका वाढतो.

उलटीचा प्रश्न तर मला फार आवडला. आपल्याकडे निम्म्या डोकेदुख्या "पित्त" या एका शब्दात गुंडाळल्या जातात. डोकं ठणकतं, मळमळतं, उजेड नको वाटतो, भांड्याचा आवाज सहन होत नाही, मग एक मोठी उलटी होते, माणूस झोपतो आणि उठतो तेव्हा डोकं हलकं. घरचे म्हणतात, पित्त पडलं, बरं वाटलं. खरं तर बऱ्याचदा ती अर्धशिशी असते आणि उलटी तिचाच भाग. "अर्ध" या शब्दानं तर घोटाळाच केलाय. लोक म्हणतात, छे हो, माझं पूर्ण डोकं दुखतं. अर्धशिशी दोन्ही बाजूंनीही दुखते. शिवाय तिच्यात पोट संथ होतं आणि घेतलेली गोळी तिथंच पडून राहते. म्हणून तर "कळ सोसवेना तेव्हा घेतली, पण लागूच पडली नाही" असं होतं. डोकं धरायला लागलं की लवकर, पुरेशी गोळी घ्यायची. कळ सोसून शेवटी अर्धी मोडून घेण्यात काही शहाणपण नाही.

आणि आता तो पहिला प्रश्न. महिन्यातले किती दिवस?

माझ्या दुकानाशेजारी एक शिंपीकाका होते. सकाळी शटर वर करायचे, मग माझ्याकडे येऊन म्हणायचे, "दे गं, माझ्या दोन." मी कात्रीनं पाकिटातून दोन गोळ्या कापून द्यायचे आणि उधारीच्या वहीत "शिंपी – २" लिहायचे. महिन्याच्या शेवटी हिशेब. हे तीन वर्षं चाललं. एकदा त्यांनी हिशेबावरून वाद घातला म्हणून मी वही उघडून त्यांच्यासमोर ओळी मोजल्या. २६ भरल्या. पैशांचा वाद जागेवरच मिटला, पण मी त्या आकड्याकडे बघत बसले. ज्या माणसाचं डोकं ३० पैकी २६ दिवस दुखतं, त्याला मी तीन वर्षं एकही प्रश्न विचारला नव्हता. आजाराची नोंद मी स्वतःच्या हातानं ठेवत होते, तीही उधारी म्हणून.

डोकेदुखीची गोळी सारखी घेतली की तीच गोळी डोकं दुखवायला लागते. गोळी उतरली की डोकं परत चढतं, म्हणून पुन्हा गोळी. आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संघटनेच्या वर्गीकरणात या आजाराला स्वतंत्र जागा आहे. डोकं महिन्यातले १५ किंवा जास्त दिवस दुखत असेल आणि तीन महिन्यांहून अधिक काळ गोळ्यांचा मारा चालू असेल, तर हा संशय घ्यायचा. साध्या पॅरासिटामॉलला किंवा आयबुप्रोफेनला महिन्यातले १५ दिवस ही रेषा. एर्गोटामिनला, ट्रिप्टानला (हा अर्धशिशीवरच्या गोळ्यांचा एक गट) आणि दोन-तीन औषधं एकत्र असलेल्या गोळ्यांना ती १० दिवसांवरच. इथं गोळ्यांपेक्षा दिवस मोजायचे असतात. एका दिवसात तीन घेतल्या तरी तो एकच दिवस.

तुमचा हिशेब करू. आठवड्यातले चार दिवस म्हणजे महिन्याला सतरा. रेषा दहाची. आणि पाकिटावर एका गोळीत १ मिलिग्रॅम एर्गोटामिन लिहिलं असेल तर आठवड्याच्या दहा-बारा गोळ्या म्हणजे १० ते १२ मिलिग्रॅम. या औषधाची आठवड्याची कमाल मर्यादाच १० मिलिग्रॅम आहे. त्या मुलानं काउंटरवर उभ्या उभ्या हाच हिशेब मनात केला असणार आणि घाबरला असणार. नव्या मुलांचं एक असतं, घाबरली की त्यांचा आवाज चढतो.

निदान करणं माझं काम नाही, त्याचंही नाही. आधी महिन्यातून दोन-तीनदा दुखायचं, आता आठवड्यातले चार दिवस, या तुमच्या वाक्यावर डॉक्टर कान टवकारतील, एवढं मी सांगू शकते.

मग चांगली गोळी कोणती? बायका मला लग्नात, बसमध्ये, एकदा तर कोल्हापुरात अंबाबाईच्या रांगेतसुद्धा हे विचारत आल्यात. अधूनमधून दुखणाऱ्या डोक्याला बहुतेकांसाठी साधी पॅरासिटामॉल. मोठ्या माणसानं ५०० मिलिग्रॅमच्या एक किंवा दोन, पुढचा डोस चार ते सहा तासांनी, आणि २४ तासांत काही झालं तरी आठच्या वर नाही. लिव्हरचा त्रास असेल, रोजची दारू असेल, अंगात वजन नसेल तर त्याहून कमी, आणि किती ते विचारून. ६५० ची घेत असाल तर आकडा आणखी खाली येतो, हे लोक विसरतात. सर्दीच्या गोळीतही बहुतेकदा पॅरासिटामॉल असतंच, हे तर हमखास विसरतात. सर्दीची एक, तापाची एक, अंगदुखीची एक, अशा तीन नावांनी एकच औषध तीनदा पोटात जातं. माझी भाची इंग्लंडमध्ये असते. तिथल्या किराणा दुकानात पॅरासिटामॉलचं १६ गोळ्यांहून मोठं पाकीट मिळत नाही, फार्मसीत ३२ चं, आणि हा नियम १९९८ पासून आहे. जास्त गोळ्यांनी लिव्हर जातं, म्हणून. ती पहिल्यांदा गेली तेव्हा फोनवर वैतागून म्हणाली, "मावशी, इथं गोळीला सोन्याचा भाव आहे का?"

आयबुप्रोफेन चांगलं औषध आहे, पण तुम्ही ते स्वतःच्या मनानं घेऊ नका. ते बीपी चढवतं, आणि बीपीच्या काही गोळ्या, लघवीची गोळी आणि आयबुप्रोफेन असे तिघे एकत्र आले की किडनीला जड जातं. ॲस्पिरिनचं पोटाशी जुनं वैर. पावसाळ्यात ताप आणि डोकेदुखी एकत्र आली तर डेंग्यूची शक्यता जाईपर्यंत या दोघांना हात लावायचा नाही, रक्तस्राव वाढतो. मुलांना तर ॲस्पिरिन नाहीच. आणि कॅफिन घातलेल्या गोळ्या. कॅफिन वेदनाशामकाचा जोर थोडा वाढवतं हे खरं, पण त्याची सवय लागते. निर्जळी एकादशीला चहा बंद झाला की दुपारपर्यंत निम्म्या घराची डोकी का धरतात? उपवास हे एक कारण, सुटलेला चहा हे दुसरं.

कधी कधी दोष भलत्याच गोळीचा असतो. छातीसाठी जिभेखाली ठेवायची गोळी, बीपीचं ॲम्लोडिपिन, यांनीही डोकं दुखतं. बीपीचं औषध बदलल्यावर डोकं वाढलं का, हे आठवून बघा. मात्र ती गोळी स्वतःहून बंद करायची नाही.

आता काय करायचं? घरात कालनिर्णय असेलच. दुधाचा हिशेब जिथं लिहिता, त्याच चौकटीत डोकं दुखलं त्या दिवशी एक फुली मारा. गोळी घेतली तर फुलीभोवती गोल. पाळीच्या दिवसांवर टिंब. उलटी झाली, जागरण झालं, जेवण चुकलं, तर शेजारी एक अक्षर. आजपासून सुरू करा, पण महिना भरायची वाट बघत घरी बसू नका. येत्या आठवड्यात बीपी मोजून घ्या आणि हे पान व तुमच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून डॉक्टरांकडे जा. पाकिटं पूर्ण न्या. कापून घेतलेल्या सुट्या गोळीवर कधी नाव नसतं, कधी तारीख. (माझ्या कात्रीचं पाप मला इथं आठवतं.)

डॉक्टर बहुतेक ही गोळी थांबवायला सांगतील. ती त्यांच्या सांगण्यानं थांबवा. पहिले काही दिवस वाईट जातात, हे आधीच सांगून ठेवते. दोन दिवसांपासून दहा दिवसांपर्यंत डोकं आधीपेक्षा जास्त दुखू शकतं, मळमळतं, झोप उडते. म्हणून परीक्षेच्या पेपर तपासणीच्या आठवड्यात हे सुरू करू नका, सुट्टी गाठा. शिंपीकाका पाचव्या दिवशी दुकानात येऊन मला नको ते बोलले. मी ऐकून घेतलं, कारण तीन वर्षांचं देणं लागत होते. नंतर त्यांचं दुखणं महिन्याला चार-पाच दिवसांवर आलं. सगळ्यांचं इतकं छान होतं असं नाही.

डॉक्टर अर्धशिशी रोखायला रोज घ्यायचं औषध देऊ शकतात. त्यातली काही मुळात बीपीचीच औषधं आहेत, प्रोप्रानोलॉल, कॅन्डेसार्टन. तेव्हा एका गोळीत दोन कामं होतात का, हे त्यांना विचारा, आणि दमा असेल तर आधी सांगा, कारण प्रोप्रानोलॉल दम्याला चालत नाही. ट्रिप्टान लिहून दिलं तर शेवटची एर्गोटामिनची गोळी कधी घेतली ते सांगायचं. दोन्हींमध्ये किमान २४ तासांचं अंतर लागतं. त्यानंतर दुखण्यावरची कुठलीही गोळी आठवड्यातले दोन दिवस, त्यापुढे नाही.

फार्मासिस्टकडे किंवा माझ्या सदराकडे न थांबता थेट हॉस्पिटल गाठायची डोकेदुखी वेगळी असते. वीज पडावी तशी एका क्षणात आलेली, आयुष्यात कधी झाली नव्हती इतकी जोरदार. ताप आणि मान आखडलेली. तोंड वाकडं, बोलणं अडखळतं, हात जड. डोक्याला मार लागल्यानंतरची, त्यातही माणूस रक्त पातळ करायच्या गोळ्यांवर असेल तर. गरोदरपणाच्या पाच महिन्यांनंतर डोकं दुखून डोळ्यांपुढे चमकणं, अंगावर सूज येणं. लाल झालेला, दुखणारा डोळा आणि दिव्याभोवती रंगीत वलय. पन्नाशीनंतर नव्यानं सुरू झालेली, चावताना जबडा दुखतो, केस विंचरताना टाळू दुखते अशी. यात दृष्टी जाऊ शकते. १०८ ला फोन करायचा की रिक्षा, ते त्या वेळी जवळ काय आहे त्यावर, पण "गोळी घेऊन बघू" नाही. तुमच्या पत्रात यातलं काही दिसलं नाही.

दुकान बदलू का, विचारलंत. बदलू नका. स्टँडसमोरचं दुकान तुम्हाला ओळखत नाही, म्हणून तिथं बरं वाटलं. संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर, साडेनऊच्या सुमाराला, त्या मुलाकडे जा आणि सांगा, "मी सतरा दिवस घेते." बघा त्याचा चेहरा. आणि तुम्ही शिक्षिका आहात, तर एक धडा त्यालाही द्या. प्रश्न हेच ठेव, जागा बदल. फ्रीज त्याच्याकडेही असेल.

सासूबाईंचा लेप. सुंठ उगाळून कपाळावर लावली की ऊब येते, थोडी चुणचुण होते आणि लक्ष दुखण्यावरून हटतं. बामाचंही तसंच. १८९३ मध्ये मुंबईत अमृतांजन निघालं तेव्हापासून आपली कपाळं पिवळीच आहेत, माझी आजी तर डबी उशाखाली ठेवायची. कोणी लावून देत असेल तर निम्मं बरं त्या हातानंच वाटतं. अर्धशिशीत मात्र काहींना बामाच्या उग्र वासानं आणखी मळमळतं, त्यांनी गार पाण्याची घडी ठेवावी. लेप भुवयांच्या वरच ठेवा, डोळ्यांत जाऊ देऊ नका, आणि वाळून तडतडायला लागला की धुऊन टाका. रात्रभर ठेवला तर कपाळाची साल निघते, आणि सकाळी शाळेत कारण विचारतात.